आलिस गींचे चित्रपट दाखवा: रसास्वाद शिबिरं घेणाऱ्यांना अनावृत पत्र

रसास्वाद शिबिरं भरवणाऱ्या, फिल्म सोसायट्या चालवणाऱ्या आणि महाविद्यालयांत चित्रपटाचा इतिहास शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी एका शिबिराचं वेळापत्रक नुकतंच हाती आलं. कुठलं ते लिहीत नाही, कारण आयोजक बदलले तरी वेळापत्रक तेच राहतं. पहिल्या दिवशी सकाळी ल्युमिएर बंधू, चहानंतर मेलिएस, जेवणाआधी पोर्टर, दुपारी ग्रिफिथ. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत मंडळी आणि माँटाज, म्हणजे तुकड्याला तुकडा जोडून अर्थ घडवण्याची त्यांची रीत. मग शेवटच्या दिवशी, प्रमाणपत्रं वाटण्याच्या जरा आधी, ‘चित्रपटातील स्त्रिया’ नावाचं एक आखूड सत्र. त्यात आलिस गी यांची एक स्लाइड: फोटो, १८७३ ते १९६८, ‘जगातील पहिली स्त्री दिग्दर्शक’. पुढची स्लाइड फातमा बेगम, ‘भारतातील पहिली स्त्री दिग्दर्शक’. मग थेट सई परांजपे, सुमित्रा भावे, आणि आभारप्रदर्शन.

माझी विनंती अशी की ती स्लाइड काढून टाका आणि आलिसबाईंना पहिल्या दिवशी सकाळी आणा. ल्युमिएर आणि ग्रिफिथ यांच्या मध्ये, कारण त्यांनी काम केलं ते तिथे. तिसऱ्या दिवसाच्या शेवटी त्यांना ढकलण्याचं कारण त्यांच्या कामात कुठेच सापडत नाही.

‘पहिली’ म्हणून मोकळं झालं की त्या बाईचं काम बघावं लागत नाही, ही या बिरुदाची खरी सोय आहे. क्रमांक दिला, टाळ्या झाल्या, पुढे चला. मेलिएसच्या बाबतीत आपण असं करत नाही. चंद्राच्या डोळ्यात घुसलेलं यान पडद्यावर दाखवतो, कॅमेरा थांबवून वस्तू गायब करण्याची युक्ती समजावतो, त्याच्या काचेच्या स्टुडिओचं वर्णन करतो. ग्रिफिथच्या संकलनावर तर तास खर्ची पडतो. आलिसबाईंची मात्र जन्मतारीख सांगतो.

बरं, तो क्रमांकही तितकासा पक्का नाही. त्यांनी स्वतः सांगितलं की ‘ला फे ओ शू’, म्हणजे कोबीतली परी, हा त्यांचा पहिला छोटा चित्रपट त्यांनी १८९६ मध्ये केला. आज आपल्याला पाहायला मिळतो तो जेमतेम मिनिटभराचा तुकडा मात्र १९०० च्या सुमाराचा असल्याचं बरेच अभ्यासक मानतात. म्हातारपणी त्यांनी जी गोष्ट वर्णन केली ती १९०२ च्या एका वेगळ्या चित्रपटाशी जास्त जुळते. शिवाय ‘जगातला पहिला कथापट’ म्हणायचं, तर ल्युमिएरच्या चित्रपटातला, नळीवर पाय देऊन माळ्याला भिजवणारा तो खोडकर पोरगा १८९५ मधलाच आहे, आणि तीही गोष्टच. हा वाद अभ्यासकांना लखलाभ. आपलं त्यावाचून अडत नाही.

कारण ज्याबद्दल वाद नाही ते पुरेसं मोठं आहे. १९०६ पर्यंतची सुमारे दहा वर्षं पॅरिसच्या गोमाँ कंपनीत गोष्ट कोणती घ्यायची, नट कोण, पडदे कसे रंगवायचे, नोकरीवर कुणाला ठेवायचं हे या बाई ठरवत होत्या. त्या काळात दुसरी कुठलीही स्त्री दिग्दर्शनाचं काम करत असल्याची नोंद नाही. पुरुषांतही सलग इतकी वर्षं असं काम केलेली माणसं मोजकीच निघतील.

तिथवर त्या कशा पोहोचल्या ते थोडक्यात. वडील चिलीमध्ये, वालपरायसो आणि सान्तियागो इथे, पुस्तकांचा व्यापार करत. तो बुडाला, वडील गेले, आणि पोटापाण्यासाठी या धाकट्या मुलीने लघुलेखन आणि टंकलेखन शिकून घेतलं. १८९४ मध्ये छायाचित्रणाचं सामान विकणाऱ्या एका कंपनीत चिटणीस म्हणून जागा मिळाली. मुलाखतीत लेओं गोमाँ म्हणाले की तुम्ही या जागेसाठी जरा लहानच आहात. त्यावर बाईंनी उत्तर दिलं की वय काय, ते वाढेलच की. नोकरी मिळाली. पुढच्याच वर्षी कंपनी गोमाँच्या ताब्यात आली. भांडवल घालणाऱ्यांत मनोरेवाले गुस्ताव आयफेलही होते.

आता तुमच्या पहिल्या तासाकडे या. २८ डिसेंबर १८९५, ग्राँ कॅफे, तिकीट लावून झालेला ल्युमिएरांचा खेळ, ही तारीख तुम्ही फळ्यावर लिहिता. त्याच्या नऊ महिने आधी, २२ मार्च १८९५ ला, पॅरिसमध्येच निमंत्रितांसाठी एक प्रात्यक्षिक झालं होतं. कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार भिंतीवर हलताना तेव्हा लोकांनी प्रथम पाहिले. त्या खोलीत गोमाँ होते आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या चिटणीसबाई होत्या. ही गोष्ट सांगायला वेगळं सत्र कशाला लागतं? ल्युमिएर शिकवतानाच सांगता येते.

गोमाँ कंपनी कॅमेरे विकायची. चित्रपट काढायचे ते गिऱ्हाइकाला यंत्र काय करतं हे दाखवण्यापुरते: मिरवणूक, आगगाडी, कवायत. पुस्तकांच्या घरात वाढलेल्या आलिसबाईंना वाटलं की एखादी छोटी गोष्ट घेऊन, मैत्रिणींना उभं करून काहीतरी करता येईल. मालकांनी परवानगी दिली, अट एकच, कचेरीच्या पत्रव्यवहारात खंड पडता कामा नये. हा किस्सा वर्गात सांगितला की लोक हसतात, आणि तुम्हीही हसून पुढे जाता. पण खरी मेख तिथेच आहे. मालकांच्या लेखी चित्रपट हा धंदाच नव्हता, पोरखेळ होता, म्हणून तो एका तरुण चिटणीसबाईच्या हाती सोपवायला त्यांना काही वाटलं नाही. धंद्यात पैसा दिसू लागला तसा स्त्रियांसाठी तो दरवाजा अरुंद होत गेला. हे फक्त फ्रान्सचं नाही, अमेरिकेतही असंच घडलं. स्त्री दिग्दर्शक नंतर का कमी झाल्या, असा प्रश्न शिबिरार्थी विचारतात तेव्हा ‘समाजाची मानसिकता’ असं मोघम उत्तर देण्यापेक्षा हा हिशेब मांडून दाखवा.

यानंतर जे लिहितेय ते आपल्याकडच्या शिबिरांत न शिकवलं जाणं मला सगळ्यात जास्त खटकतं. गोमाँ कंपनीने ‘क्रोनोफोन’ नावाचं यंत्र बनवलं होतं. चित्र दाखवणारं यंत्र आणि ध्वनिमुद्रिका वाजवणारं यंत्र विजेने जोडून दोन्ही एकाच गतीने चालवायची. त्यासाठी १९०२ ते १९०६ या काळात आलिसबाईंनी ‘फोनोसेन’ नावाचे शंभराहून अधिक छोटे बोलपट, किंवा गाणपट म्हणू, दिग्दर्शित केले. द्रानेम, मायोल, पोलँ हे पॅरिसच्या संगीतगृहांतले लाडके गायक त्यांच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

पद्धत काय होती? तेव्हाच्या मुद्रणाच्या कर्ण्यात गायकाला जवळजवळ तोंड घालूनच गावं लागे, म्हणजे गाताना त्याचं चित्रण करणं अशक्य. म्हणून गाणं आधी मुद्रित करायचं. मग स्टुडिओत ती तबकडी वाजवायची आणि गायकाने तिच्यावर ओठ हलवत अभिनय करायचा. वाचताना काही ओळखीचं वाटतंय का? लता मंगेशकर-मधुबालेपासून आजच्या गाण्यांपर्यंत ज्या पद्धतीवर आपला सगळा गाण्यांचा पसारा उभा आहे, ती आधी गाणं आणि मग चित्रण ही रीत आपल्या पहिल्या बोलपटाच्या, ‘आलम आरा’च्या पंचवीस-तीस वर्षं आधी पॅरिसच्या एका काचेच्या स्टुडिओत रोज वापरात होती. आपली पद्धत तिथून आली असा दावा मी करत नाही. पण गाणी बघत वाढलेल्या प्रेक्षकाला जगाच्या चित्रपट-इतिहासात शिरायला याहून जवळचा दरवाजा नाही, आणि तुम्ही तो बंद ठेवून त्याला ‘बॅटलशिप पोटेमकिन’मधल्या ओडेसाच्या पायऱ्यांवर नेऊन सोडता. (ओडेसाच्या पायऱ्यांशी माझं वैर नाही. पण दर वर्षी त्या बाबागाडीसोबत मीही घरंगळते.)

याचा पुरावाही आहे, हलता पुरावा. १९०५ मध्ये ब्युत-शोमाँच्या नव्या स्टुडिओत एका फोनोसेनचं चित्रण चालू असताना कुणीतरी त्या चित्रणाचंच चित्रण करून ठेवलं. ध्वनियंत्र आहे, कॅमेरा आहे, कलावंतांचा ताफा आहे, आणि लांब झग्यातल्या आलिसबाई इकडून तिकडे जात सगळ्यांना हलवताहेत. दिग्दर्शक काम करताना कसा दिसतो हे दाखवणाऱ्या सगळ्यात जुन्या चित्रफितींपैकी ती एक असावी. दोन मिनिटंही लागत नाहीत ती पाहायला. तुमच्या स्लाइडवरच्या त्या गंभीर फोटोऐवजी ही दाखवा.

आता त्यांचे मूकपट. १९०६ चा एक आहे, ‘मादाम आ देझांवी’. बाईंना डोहाळे लागलेत. पोट पुढे आलेली बाई रस्त्याने चालली आहे, मागून नवरा बाबागाडी ढकलत. दिसेल ते तिला हवंय. लहान मुलीच्या हातातली गोळी हिसकावते, हॉटेलात बसलेल्याचा मद्याचा पेला उचलते, भिकाऱ्याचा मासा पळवते, एकाचा पाइप. नवरा प्रत्येकाची समजूत घालत घामाघूम. आणि दर वेळी, वस्तू हातात आली की कॅमेरा थेट तिच्या चेहऱ्याजवळ जातो. ती चोखतेय, घुटके घेतेय, धूर सोडतेय, आणि तिच्या चेहऱ्यावर जे सुख पसरलंय ते आपण अगदी जवळून बघतो. मधल्या भागात गोष्ट थांबते, बाई मात्र मजा करत राहते.

क्लोज-अपचा शोध आलिसबाईंनी लावला असं मात्र कृपा करून सांगू नका. ब्रायटनच्या जॉर्ज स्मिथने तो काही वर्षं आधी वापरला होता. त्याच्याकडे भिंगातून दिसतं म्हणून वस्तू मोठी होते. इथे चेहरा मोठा होतो तो त्या बाईला काय वाटतंय यासाठी. हा फरक शिबिरार्थींना दोन्ही तुकडे एकापाठोपाठ दाखवून पाच मिनिटांत कळेल. ग्रिफिथने पहिला चित्रपट दिग्दर्शित केला १९०८ मध्ये, हेही जाता जाता सांगायला हरकत नाही.

त्याच वर्षीचा ‘ले रेझुल्ता द्यू फेमिनिझ्म’, म्हणजे स्त्रीवादाचे परिणाम. सगळं उलटं झालंय. पुरुष शिवण-टिपण करताहेत, इस्त्री करताहेत, पोरं सांभाळताहेत. बायका गुत्त्यात पाय पसरून सिगारेटी ओढताहेत आणि रस्त्याने जाणाऱ्या लाजऱ्या तरुणांना सतावताहेत. शेवटी पुरुष बंड करतात आणि आपली जागा परत मिळवतात. हा चित्रपट स्त्रीवादाची टिंगल आहे की पुरुषांना आरसा, यावर वर्गात भांडण लागतं आणि ते लागू द्यावं. माझं मत विचाराल तर शेवटची मिनिटं फसवी आहेत. आधीची पाच मिनिटं बायकांनी केलेलं वागणं जर किळसवाणं वाटलं असेल, तर तेच वागणं पुरुषांचं म्हणून परत रुळावर आल्यावर गोड कसं वाटायचं? पण समोरचा हे मान्य करणार नाही, आणि त्याच्याकडेही बोलायला मुद्दे असतील.

आणि ‘ला व्ही द्यू क्रिस्त’, ख्रिस्तचरित्र, १९०६. पंचवीस प्रवेश, तीनशेच्या आसपास माणसं, अर्ध्या तासाहून लांब. तेव्हाच्या मानाने हा प्रचंड घाट होता. लुई फयाद, ज्याच्या गुन्हेगारी मालिका तुम्ही कौतुकाने दाखवता, त्याला लेखक म्हणून कंपनीत घेतलं ते आलिसबाईंनीच. पुढे त्या अमेरिकेला निघाल्या तेव्हा आपल्या जागेसाठी नावही त्याचंच सुचवलं.

अमेरिकेला त्या गेल्या १९०७ मध्ये, लग्न करून. नवरा हर्बर्ट ब्लाशे गोमाँचाच माणूस, तिकडे क्रोनोफोन खपवायला निघालेला. क्लीव्हलंडमध्ये ते काही जमलं नाही. मुलगी झाली. बाई घरी बसल्या, पण फार दिवस नाही. १९१० मध्ये त्यांनी स्वतःची ‘सोलॅक्स’ कंपनी काढली, आणि १९१२ मध्ये न्यू जर्सीतल्या फोर्ट ली इथे लाखभर डॉलर खर्चून स्वतःचा स्टुडिओ बांधला. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताचा अधिकार मिळायला अजून आठ वर्षं होती. स्टुडिओत ठळक अक्षरांत पाटी लावलेली असे: सहज वागा. नाटकी हातवाऱ्यांच्या त्या काळात नटांना सांगायची ही सूचना होती, आणि ‘अभिनयाचा इतिहास’ या तुमच्या सत्रात तिची जागा आहे.

सोलॅक्सचा १९१२ चा ‘फॉलिंग लीव्ह्ज’ पाहा. मोठ्या बहिणीला क्षय झालाय. डॉक्टर सांगतात की झाडाचं शेवटचं पान गळेल तोवर ती जाईल. ते ऐकलेली धाकटी चिमुरडी रात्री बागेत जाते आणि गळलेली पानं दोऱ्याने फांद्यांना बांधत बसते. त्या वेळी तिथून जाणारा एक डॉक्टर नेमका क्षयावर लस शोधलेला निघतो, आणि मग काय, सगळं छान होतं. हा योगायोग आपल्या मराठी चित्रपटांनाही लाजवील असा आहे. तरी पानं बांधणारी ती मुलगी विसरता येत नाही. तिच्याकडून कुठलाही अभिनय ‘काढलेला’ नाही, ती आपली काम करतेय.

सगळंच असं नाही. त्याच वर्षीच्या ‘अ फूल अँड हिज मनी’मध्ये सगळे नट कृष्णवर्णीय आहेत. गोऱ्या नटांनी त्यांच्याबरोबर काम करायला नकार दिला म्हणून तसं झालं, असं सांगतात. अमेरिकेत असे टिकून राहिलेले चित्रपट त्याआधीचे क्वचितच मिळतील. पण म्हणून तो पुरोगामी ठरत नाही. पैसा सापडलेला कृष्णवर्णीय माणूस उधळपट्टी करतो, छानछोकी करतो आणि जुगारात फसतो, ही त्या काळच्या गोऱ्या प्रेक्षकाला हवी तशीच टिंगल आहे. स्थलांतरितांवरच्या ‘मेकिंग अ‍ॅन अमेरिकन सिटिझन’मध्ये बायकोला गाढवाबरोबर गाडीला जुंपणारा रशियन माणूस अमेरिकेत येऊन धडे खात सुधारतो. स्त्रीच्या बाजूने चीड आहे आणि परक्यांकडे बघण्याची तुच्छताही आहे, एकाच चित्रपटात. आलिसबाईंना देव्हाऱ्यात बसवलंत तर हे शिकवता येणार नाही. ग्रिफिथच्या वंशद्वेषावर आपण बोलतोच ना?

पुढे पडझड झाली. ती गोष्ट बहुधा अशी सांगितली जाते: नवऱ्याने कंपनी हातात घेतली, पैसे बुडवले, एका नटीबरोबर हॉलिवूडला पळाला. यात बरंच खरं आहे. पण फोर्ट ली हे सगळं गावच बुडत होतं हे सांगायचं राहून जातं. चित्रपट लांब झाले, त्यांना लागणारं भांडवल छोट्या स्टुडिओंच्या आवाक्याबाहेर गेलं, वितरण मोठ्यांच्या मुठीत आलं, पहिल्या महायुद्धाच्या हिवाळ्यात कोळसा मिळेना, आणि धंदा कॅलिफोर्नियाच्या उन्हात निघून गेला. आलिसबाई दुसऱ्यांसाठी दिग्दर्शन करत राहिल्या. शेवटचा चित्रपट १९२० मध्ये पडद्यावर आला. स्टुडिओ लिलावात गेला. १९२२ मध्ये दोन मुलांना घेऊन त्या फ्रान्सला परतल्या आणि तिथल्या चित्रपट कंपन्यांत त्यांना कुणी काम दिलं नाही. तेव्हा त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. पुढे सेहेचाळीस वर्षं जगल्या, एकही चित्रपट न करता.

त्या वर्षांत त्यांनी जे केलं ते मला त्यांच्या चित्रपटांइतकंच शिकवण्याजोगं वाटतं. १९२७ मध्ये आपले चित्रपट शोधायला त्या अमेरिकेला गेल्या. हजारभर चित्रपट केले असा अंदाज मांडला जातो, बहुतेक काही मिनिटांचेच, पण हजार. एकही हाती लागला नाही. सुरुवातीच्या चित्रपटांवर दिग्दर्शकाचं नाव नसायचंच, फक्त कंपनीचं. गोमाँ कंपनीने आपला इतिहास लिहिला, त्यात आलिसबाई नव्हत्या. त्यांनी गोमाँना पत्र लिहून चुका दाखवल्या. गोमाँनी त्या मान्यही केल्या, पण १९४६ मध्ये ते वारले तोवर दुरुस्त मजकूर छापला गेला नव्हता. इतिहासकार जॉर्ज सादूल यांनी ख्रिस्तचरित्र आलिसबाईंच्या साहाय्यकाच्या, झासेच्या, नावावर टाकलं. आणि वासराच्या डोक्याच्या करामतींची एक फार्सिकल फीत आलिसबाईंच्या नावावर घातली. बाईंनी कळवलं की ख्रिस्तचरित्र माझं आहे, आणि ते वासराचं डोकं माझं नाही, ते झेकाचं, म्हणजे त्याच काळातल्या दुसऱ्या एका दिग्दर्शकाचं.

या दुसऱ्या वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं म्हटलं तरी चालेल. सगळं गमावलेली बाई, नाव लागेल तर हवंच असलेली, आणि तरी जे आपलं नाही ते घ्यायला तयार नाही.

१९५० च्या दशकात फ्रान्सने त्यांना लीजन ऑफ ऑनर हा आपला मोठा सन्मान दिला, १९५७ मध्ये सिनेमाथेक फ्रान्सेझ या तिथल्या चित्रपट-संग्रहालयाने सत्कार केला. २४ मार्च १९६८ ला न्यू जर्सीत त्या वारल्या. आत्मचरित्राला प्रकाशक मिळेपर्यंत १९७६ साल उजाडलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात सेन नदीकाठी ज्या दहा फ्रेंच स्त्रियांचे सोनेरी पुतळे वर आले त्यांत त्यांचा एक होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना त्यांची आठवण त्या रात्री झाली हे समाजमाध्यमांवर दिसलं. ‘पहिली’ हा शब्द सगळ्यांनी वापरला होता.

आता आपल्या घरातला मोह. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहिला आणि पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना मनापुढे राम-कृष्ण उभे राहिले, हे त्यांनी स्वतः ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेवलंय. तो चित्रपट आलिस गींचाच, असं अलीकडे बऱ्याच ठिकाणी बिनदिक्कत छापलेलं दिसतं. काय सुंदर गोष्ट आहे! भारतीय चित्रपटाच्या मुळाशी एक फ्रेंच बाई. मला ती खरी असलेली फार आवडेल. पण त्या काळी ख्रिस्तचरित्रावरचे अनेक चित्रपट बाजारात फिरत होते. पाते कंपनीचा तर जगभर गाजलेला होता, आणि फाळक्यांनी पाहिला तो हाच, असं मानणारेही पुष्कळ आहेत. फाळक्यांच्या लेखात दिग्दर्शकाचं नाव नाही. तेव्हा ही गोष्ट सांगायची तर दोन्ही शक्यता ठेवून सांगा. झेकाचं वासरू परत करणाऱ्या बाईच्या नावावर आपण फाळक्यांचा ख्रिस्त परस्पर चढवणं बरं दिसत नाही.

त्याच तासात सरस्वतीबाई फाळक्यांबद्दल बोलता येईल. फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं त्यांनी केली आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही. सोलॅक्सचा स्टुडिओ जोरात होता त्याच सुमाराला, १९१२-१३ मध्ये, दादरच्या घरात हे चाललं होतं. एकीची स्वतःची कंपनी, दुसरीचं पाटीवर नाव नाही.

आणि फातमा बेगम. १९२६ मध्ये मुंबईत स्वतःची फातमा फिल्म्स काढून ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित करणारी ही नटी. तिची मुलगी झुबेदा ‘आलम आरा’ची नायिका. तिच्यावरही ‘पहिली’ची स्लाइड असते, पण इथे माझी तक्रार जरा नरम आहे, कारण दाखवायला चित्रपटच उरलेला नाही. भारतात हजाराहून जास्त मूकपट बनले, त्यांतले तीसेक उरले असतील, काहींचे तर तुकडेच. म्हणून निदान एवढं करा: फातमा बेगम यांची स्लाइड ‘स्त्रिया’ या सत्रातून काढून ‘चित्रपटांचं जतन’ या सत्रात घ्या. नायट्रेट फिल्म कशी जळते, चांदीसाठी कशी वितळवली जायची, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू होईपर्यंत काय काय गेलं, हे सांगताना उदाहरण म्हणून ‘बुलबुल-ए-परिस्तान’ घ्या. परीकथेचा, ट्रिक दृश्यांनी भरलेला म्हणून सांगितला जाणारा तो चित्रपट आपण कधीच पाहू शकणार नाही, हे ऐकल्यावर शिबिरार्थींना जतन म्हणजे काय ते कळेल.

आलिसबाईंच्या बाबतीत ती सबबही नाही. सुमारे दीडशे चित्रपट सापडलेत, त्यांतले कितीतरी आंतरजालावर सहज मिळतात, स्वामित्वहक्काची कटकट नाही. मी वेळ मोजून बघितला आहे. फोनोसेनच्या चित्रणाची फीत दोन मिनिटं, डोहाळेवाली चार, स्त्रीवादाचे परिणाम सात, ‘फॉलिंग लीव्ह्ज’ बारा, ‘अ फूल अँड हिज मनी’ दहा-अकरा, आणि ख्रिस्तचरित्र अर्धा तास. सव्वा तासाच्या आत सगळं बसतं. ल्युमिएर आणि मेलिएस यांच्यातली चहाची सुट्टी थोडी लवकर घेतली की झालं.

एक अडचण तुम्ही सांगाल हे मला माहीत आहे: मूकपटांतल्या मजकुराच्या पाट्या फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीत आहेत, तालुक्याच्या गावच्या शिबिरात कळणार नाहीत. खरं तर यांतल्या निम्म्या चित्रपटांत पाट्या जवळजवळ नाहीतच. उरलेल्यांच्या मराठी पाट्या मी करून देते. मानधन नको. फक्त वेळापत्रक छापायच्या आधी कळवा, नंतर नको, आणि महिला दिन म्हणून मार्च महिन्यात बोलवणार असाल तर मी येणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मागच्या रांगेत बसणारी एक सभासद